विदुराघरच्या कण्या

माउली, येत्या एकादशीला आपल्यासमोरचे ताट एकदा नीट निरखून पाहा. साबुदाण्याची उसळ, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, तोंडी लावायला हिरवी मिरची आणि मागाहून साखरेचा चहा. यातला साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची या चारांपैकी एकही वस्तू ज्ञानोबा माउलींनी किंवा नामदेवरायांनी डोळ्यांनी पाहिलेली नाही. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही सारी झाडे मूळची अमेरिका खंडातली. माउलींनी समाधी घेतली १२९६ साली. ही पिके आपल्याकडे आली ती पोर्तुगिजांच्या जहाजांच्या काळात, म्हणजे निदान २०० वर्षांनंतर. साबुदाण्याचे कारखाने तर तामिळनाडूत सेलमच्या आसपास १९४० च्या दशकात उभे राहिले. ज्या पदार्थाला आपण जुन्या परंपरेचा फराळ म्हणतो, तो आपल्या आजोबांच्या वयाचा आहे.

हे सांगताना मला उपासाची थट्टा करायची नाही. मी स्वतः एकादशी धरतो. पण आपले ताट कोठून आले, हा प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी पडला आणि तो सोयीने पडला नाही. वारीत चालताना तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. पुढे पुढे तर पायाखाली माती आहे की डांबर हेच कळेना. पंढरीच्या वाटेची माती पायाला कळू नये, याहून वारकऱ्याला दुसरे दुःख काय असणार? परत आल्यावर रक्त तपासले. साखर वाढलेली निघाली आणि बी-१२ नावाचे जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेले. चाळीस वर्षे गळ्यात तुळशीची माळ आहे, कधी वावगे खाल्ले नाही, असे मी डॉक्टरांना जरा ताठ्यातच सांगितले. ते म्हणाले, "काय खात नाही ते कळले. काय खाता ते सांगा."

त्या प्रश्नाला माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हते. तुमच्यापाशी आहे का, हे विचारण्यासाठी हा लेख.

माळेने आपल्याला काय सोडायचे ते सांगितले. मांस सोडा, दारू सोडा. हे सोडणे सोपे नव्हते, हे विदर्भातल्या माणसाला गाडगेबाबांच्या चरित्रावरून ठाऊक आहे. मुलीच्या बारशाला दारू आणि मटणाचे जेवण घालण्याची समाजाची रीत त्यांनी मोडली आणि गोडाची पंगत बसवली. भाऊबंद रागावले, बाबा हलले नाहीत. पुढे जन्मभर कीर्तनातून त्यांनी जत्रेतल्या पशुबळीविरुद्ध लोकांना समजावले. बाबांचे स्वतःचे जेवण म्हणजे गाडग्यात मागून आणलेली भाकर आणि जे कालवण मिळेल ते. (आपल्या शेजारी ज्यांनी माळ घातलेली नाही, त्यांच्या ताटाकडे बोट दाखवण्याचा अधिकार मात्र माळ आपल्याला देत नाही. ती स्वतःच्या गळ्यात असते.)

पण सोडल्यावर उरलेल्या जागी काय खायचे, हे माळेने सांगितले नाही. ते सांगण्याची गरजही नव्हती, कारण ते वावर सांगत होते.

आमचे दिग्रस हे धावंडा नदीकाठचे, घंटीबाबांच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे तालुक्याचे गाव. जवळून अरुणावती वाहते. सखल भागात काळी जमीन आणि चढावर मुरमाड, हलकी. १९०५ साली वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा दारव्हा आणि पुसद हे तालुके वाशीमकडून काढून यवतमाळला जोडले गेले. दिग्रस तेव्हा दारव्हा तालुक्यात होते. त्याआधी १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिला होता, आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे आपल्या काळ्या मातीकडे वळले. त्या दिवसापासून वऱ्हाडचे दैव कापसाला बांधले गेले. दारव्ह्यावरून जाणारी यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे कापसासाठीच टाकलेली. लक्ष्मण सत्या या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकातल्या वऱ्हाडच्या कापसावर आणि दुष्काळावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले आहे. कापसाच्या भरभराटीने धान्याचा पाया खचला आणि १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत त्याची किंमत माणसांनी मोजली, असा त्यांचा एकूण रोख आहे.

तरीही ज्वारी गेली नाही. का गेली नाही, याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. ती बैलांमुळे राहिली. पराटीची शेती बैलांवर चाले आणि बैल कडब्यावर. नगदी पीक घेणाऱ्यालाही घरच्या दावणीसाठी ज्वारी पेरणे भाग होते. कडबा बैलाला, गाईला आणि दाणा माणसाला. पराटीच्या ओळींत मधून मधून तुरीचे तास असत, त्यामुळे डाळ घरची. बांधाला अंबाडी, हिवाळ्यात जवस आणि हरभरा. यात आहारशास्त्र कोणी शिकवले नव्हते. पण ताट असे बसे: ज्वारीची भाकर, तुरीचे वरण किंवा सोल्यांची आमटी, अंबाडीची नाही तर चवळीची पालेभाजी, जवसाची चटणी, आणि रात्री ताकातल्या कण्या. मोसमात हुरडा, उन्हाळ्यात धापोडे.

आता या ताटाचा हिशेब आजच्या शास्त्राने मांडून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्याप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ तेवढाच तंतू असतो. सडलेल्या पांढऱ्या तांदळात तंतू ३ ग्रॅमच्या आत. साबुदाण्यात प्रथिने अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. तो जवळपास निव्वळ पिष्ट आहे. तंतू म्हणजे आपल्याला न पचणारा भाग, मग त्याचा उपयोग काय, असे वाटेल. तो पचत नाही हाच त्याचा उपयोग. त्याच्यामुळे जेवणातली साखर रक्तात हळूहळू उतरते. काही तंतू पित्ताम्लांना धरून बाहेर नेतात, मग यकृताला नवी पित्ताम्ले करण्यासाठी रक्तातले कोलेस्टेरॉल खर्चावे लागते. आतड्यातले सूक्ष्म जीव उरलेल्या तंतूवर जगतात आणि आतड्याचे अस्तर धड राखतात. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो तुरीच्या डाळीत भरपूर असतो. अंबाडीचा आंबटपणा पालेभाजीतले लोह अंगी लागायला मदत करतो. जवसात ओमेगा-३ जातीची स्निग्धाम्ले आहेत, जी शाकाहारी माणसाला फार थोड्या जागी मिळतात. आणि ताकाचे काम काय, ते पुढे येईलच.

म्हणून जुने ते सोने, असे मात्र म्हणू नका. त्या काळी सगळ्यांच्या ताटात हे सगळे नसे. ज्याच्याकडे गाय नव्हती आणि तूर विकत घेण्याची ऐपत नव्हती, तो कोरडी भाकर आणि मिरची खाऊन दिवस काढी. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग होतो, कातडी काळवंडते, जुलाब लागतात, मन भ्रमिष्ट होते, याकडे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास वैद्यकाचे लक्ष वेधले. एकट्या ज्वारीत अंगचे काही औषध नव्हते. गुण होता तो भाकर, वरण, भाजी आणि ताक या मेळाचा.

हा मेळ कसा मोडला? एका दिवसात नाही, आणि कोण्या एकाच्या चुकीने तर नाहीच.

दिग्रसला लागून पुसद तालुका. तिथल्या गहुली गावचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. देशात धान्याची टंचाई, परदेशी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लागलेले, अशा दिवसांत त्यांनी संकरित ज्वारीचा ध्यास घेतला. संकरित ज्वारीचा पहिला वाण १९६४ सालचा. उतारा खरोखर वाढला. पण हे वाण लवकर तयार होत, दाणा भरताना परतीचा पाऊस गाठी आणि कणसे काळी पडत. ताटे ठेंगणे, त्यामुळे कडबा कमी. भाकरीला जुनी गोडी नाही, अशी तक्रार घरोघरी होती. तरी त्या ज्वारीने लोकांची पोटे भरली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा महाराष्ट्राने अमेरिकेची लाल मिलो खाल्ली आणि दुष्काळी कामावर सुकडी खाल्ली. ज्यांनी ती खाल्ली, त्यांना भाकरीची किंमत सांगावी लागत नाही.

पुढे रेशनच्या पिशवीतून बहुतेक गहू आणि तांदूळच आले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य १ रुपया किलोने देण्याची तरतूद होती, पण आमच्याकडच्या डब्यात ते फारसे पोचले नाही. १९९० नंतर वावरात सोयाबीन शिरले. ते साडेतीन महिन्यांत हाती येते आणि लगेच पैसा देते. ज्वारीवर पाखरे बसतात, रानडुकरे रात्रीतून वावर लोळवतात, राखणीला माणूस मिळत नाही. शेतकऱ्याने कोणता हिशेब करावा? मग ट्रॅक्टर आले, बैल गेले. बैल गेले तशी कडब्याची गरज गेली, आणि ज्या बैलांनी १०० वर्षे ज्वारी राखली होती त्यांच्याबरोबरच ती गेली. दावण रिकामी झाली तशी गायही गेली, आणि गाईबरोबर घरचे ताक. माळ मात्र गळ्यात तशीच राहिली.

येथे एक कडू गोष्ट सांगतो. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी १९३५ साली सोयाबीन खाऊन पाहण्याचा प्रयोग केला होता. गरिबाला स्वस्तात प्रथिने मिळावीत, हा हेतू. 'हरिजन'मध्ये त्यांनी त्यावर लिहिलेही. आज त्याच वर्ध्याच्या शेजारच्या आमच्या जिल्ह्यात सोयाबीन दूरवर पसरले आहे, पण आमच्या ताटात ते नाही. कारखान्यात तेल निघते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड बरीचशी कोंबड्यांच्या खाद्याला जाते. माळकऱ्याच्या वावरातले प्रथिन कोंबडी खाते, आणि माळकरी साबुदाणा.

२०२५ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीतून असे समोर आले, की भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि त्यांत पांढरा तांदूळ, दळलेले धान्य व साखर यांचा मोठा वाटा आहे. त्याच मालिकेतल्या २०२३ च्या अहवालाने देशात मधुमेहाचे १० कोटींवर रुग्ण असल्याचे सांगितले. या ताटात मांस असो वा नसो, रोग तोच. गव्हाला मी नावे ठेवत नाही. चक्कीवरून आणलेल्या, न चाळलेल्या कणकेच्या पोळीत तंतू ज्वारीइतकाच असतो. पण सप्ताहाच्या पंगतीत आपण काय वाढतो ते आठवा: मैद्याच्या पुऱ्या, बुंदी, पांढरा भात, आणि डाळ पातळ. आता दिवस मधुमेहाचे आहेत आणि पंगतीतली अर्धी माणसे साठीच्या पुढची असतात.

शाकाहाराने प्रकृतीला लाभ होतो का, या प्रश्नाचे सरळ उत्तर होय असेच आहे. पण त्याला शेपूट आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने ब्रिटनमधल्या सुमारे ४८,००० लोकांचा १८ वर्षे माग ठेवला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात मांसाहाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा विकार २२ टक्क्यांनी कमी आढळला. आणि पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त. हे दुसरे वाक्य आपल्या व्याख्यानांत सहसा कोणी सांगत नाही. पक्षाघात का वाढला, याचे पक्के उत्तर त्या अभ्यासाने दिले नाही; एक संशय बी-१२ सारख्या घटकांच्या कमतरतेवर आहे.

हे बी-१२ कोणत्याही झाडात तयार होत नाही. ते फक्त सूक्ष्म जीव तयार करतात, आणि ते आपल्यापर्यंत पोचते मांस, अंडी किंवा दूध यांतून. माळकऱ्याला त्यांपैकी एकच वाट मोकळी आहे: दूध, दही, ताक. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरतो, म्हणून उणीव चोरपावलांनी येते. आधी थकवा, मग मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा. आपण म्हणतो, वय झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचे रक्त तपासून २००६ साली निष्कर्ष मांडले. ६७ टक्क्यांचे बी-१२ कमी निघाले, आणि शाकाहाऱ्यांना हा धोका चौपटीहून अधिक होता. आणखी एक गोष्ट घरी सांगून ठेवा: मधुमेहावर सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी बी-१२ चे शोषण कमी करते. म्हणजे साखर असलेला माळकरी दोन्हीकडून कापला जातो. त्याने वर्षातून एकदा तरी तपासणी करून घ्यावी.

गांधीजींना हे जीवनसत्त्व माहीत नव्हते. ते वेगळे काढता आले १९४८ साली, त्यांच्या जाण्याच्या वर्षी. पण अनुभवाने ते जवळ पोचले होते. १९१२ साली त्यांनी दूध सोडले. १९१८ च्या मोठ्या आजारपणात शरीर खचले आणि अखेर शेळीच्या दुधावर यावे लागले. पुढे आगाखान पॅलेसच्या बंदिवासात आरोग्यावर लिहिताना त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले, की वनस्पतीच्या आहाराला दुधाची जोड लागते. नेम करणाऱ्याने नेमाची मर्यादा अशी उघड सांगावी, याला मी मोठेपणा मानतो.

तपासणीत उणीव निघाली तर गोळी घ्यायला माळकऱ्याने कचरू नये. औषधातले बी-१२ सूक्ष्म जीवांकडूनच करवून घेतात, प्राण्यापासून काढत नाहीत. कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचे असू शकते. डॉक्टरांकडे साधी गोळी मागावी. मी ती घेतो. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, पण डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे. मज्जातंतूला उशीर फार सोसत नाही.

आता कण्यांकडे येतो. श्रीकृष्ण शिष्टाईला हस्तिनापुरी गेले, दुर्योधनाचे पंचपक्वान्न नाकारले आणि विदुराघरी कण्या खाल्ल्या, हे आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकले. मूळ महाभारताच्या उद्योगपर्वात कण्या नाहीत. तेथे विदुराने शुद्ध आणि चांगले अन्नपान दिले, एवढेच आहे. उत्तरेकडच्या भक्तांनी त्या जागी पालेभाजी ठेवली आणि आपल्या लोकांनी ज्वारीच्या कण्या. प्रत्येकाने देवाला आपल्या घरचे जेवू घातले. देव आपल्या दारी आला तर त्याच्या पुढे काय ठेवायचे, याचे उत्तर आपल्या पणज्यांनी वावरातून शोधले होते. आज देव दिग्रसला आला, तर आपण त्याच्या पुढे काय ठेवू?

आमच्या गल्लीतल्या सप्ताहात यंदा आम्ही एवढेच केले. पंगतीत पुरीऐवजी दोन दिवस भाकर, वरण घट्ट, बुंदी अर्धी, आणि साखरेच्या रुग्णांसाठी भाताच्या जागी ताकातल्या कण्या. पहिल्या दिवशी कुरकुर झाली. एक म्हातारे बाबा म्हणाले, "देवाच्या दारी आलो का रोजगार हमीवर?" सगळे हसले, मीही हसलो. एकादशीला साबुदाणा ठेवला, पण शेजारी भगर आणि दही ठेवले. भगर तरी आपल्या मातीतली आहे आणि साबुदाण्याहून तिच्यात सत्त्व अधिक.

काल्याच्या दिवशी मात्र फजिती झाली. काल्यात ज्वारीच्या लाह्या आणि दही हवे. दही मिळाले, लाह्यांची ज्वारी गावात मिळेना. बाजारात जी होती ती बाहेरगावची, लाही फुलेना. शेवटी बायकांनी चौकशी करून एका घरून पायलीभर गावरान ज्वारी आणली. त्या घरच्या म्हातारीने ती पाखरांसाठी राखलेली होती. काला झाला. वाटताना तिचा मुलगा रांगेत होता. मी त्याला विचारले, यंदा किती पेरतोस? तो म्हणाला, "महाराज, डुकरं ठेवतच नाहीत काही. पण आईनं बियाणं बांधून ठेवलं आहे, घराजवळच्या वावरात चार तास टाकीन म्हणतो."